पूजेतला स्क्रूड्रायव्हर

"आज हत्याराला हात लागायचा न्हाई," अण्णा म्हणाला, आणि चौदा नंबरच्या पान्यावर झेंडूचं फूल ठेवून दोन पावलं मागं सरला.

मी अंगणात गाडीचं बॉनेट उघडं टाकून उभा होतो. समोर अण्णाच्या सोप्यात पाट, पाटावर लाल फडकं, आणि फडक्यावर त्याचे पाने, पक्कडी, स्क्रूड्रायव्हर उंचीप्रमाणे ओळीनं निजवलेले. शाळेत वर्गाचा फोटो काढताना करतात तशी रांग. प्रत्येकाला हळदी-कुंकू. हातोडीला तर दोन ठिकाणी, तिचं अंग मोठं म्हणून.

"अरे, पण उद्या सकाळी नऊला कोल्हापुरात पोचायचंय," मी म्हणालो.

"ठाऊक हाय मला."

"गाडी जागेवर बंद पडतेय."

"त्ये पण ठाऊक हाय. खंडेनवमी हाय जन्या. उद्या दसऱ्याची उत्तरपूजा झाली की बघू."

"उद्या उत्तरपूजा होईपर्यंत शालनची वेळ टळून जाईल!"

अण्णानं उदबत्ती ओवाळली. उजवा हात शर्टाच्या खिशात, डाव्या हातानं. देवाला डाव्या हातानं ओवाळणारा भक्त मी पहिल्यांदाच पाहत होतो. पण त्या दिवशी माझं डोकं इतकं फिरलं होतं, की त्यानं पायानं ओवाळलं असतं तरी मला वेगळं वाटलं नसतं.

याला आता बारा वर्षं झाली. अण्णा माझा थोरला भाऊ. एसटीच्या कार्यशाळेत चौतीस वर्षं, शेवटी हेड मेकॅनिक होऊन निवृत्त झाला. मी मोजणी खात्यात कारकून. दुसऱ्यांच्या बांधांची भांडणं नकाशावर मिटवण्यात माझी हयात गेली, स्क्रू पिळण्याचा प्रसंग कधी आला नाही. गडहिंग्लजला आमची दोन घरं एकाच अंगणात. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि अण्णा दोन्ही वेळ आमच्याकडे जेवायचा. माझी नऊ वर्षांची पेट्रोल गाडी तोच सांभाळायचा. गाडीला हात लावायची मला बंदी होती. पेट्रोल भरायला मात्र परवानगी होती.

त्या वर्षी शालनच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, गळ्यात गाठ निघाली. कोल्हापूरला लाइट, म्हणजे रेडिएशन, द्यायचं ठरलं. पंचवीस दिवस, रविवार सोडून रोज सकाळी. बारा झाले होते. खंडेनवमी रविवारी आली म्हणून त्या दिवशी सुट्टी. दसऱ्यालाही ते केंद्र दुपारपर्यंत उघडं राहणार होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "काही झालं तरी खाडा करू नका. मधे तुटलं तर आधीचं केलेलं वाया जातं." एसटीनं एकदा नेऊन पाहिलं, तर येताना अर्ध्या वाटेत ती उलटीनं इतकी हैराण झाली, की कंडक्टरनं स्वतः गाडी थांबवून तिला लिंबू आणून दिलं. भाड्याच्या गाड्या दसऱ्यासाठी महिनाभर आधी ठरलेल्या. उरली आमची गाडी. आणि आमच्या गाडीनं काल कागलच्या चौकात पाय सोडला की मान टाकायला सुरुवात केली. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा वर जायचा, खाली यायचा, धापा टाकल्यासारखा, आणि इंजिन गप्प. मागं उसाचे दोन ट्रॅक्टर भोंगे वाजवतायत, शेजारी शालन ओला रुमाल गळ्याला धरून डोळे मिटून बसलेली. चार वेळा बंद पडली. घरी पोचलो ते देवाच्या कृपेनं. आणि आता अण्णा मला त्याच देवाचं कारण सांगत होता.

खरं म्हणजे अण्णाचं आणि देवाचं कधी जमलंच नव्हतं. कार्यशाळेत सत्यनारायण असला की हा गाडीखाली झोपून प्रसादाची वेळ होईस्तोवर बाहेर यायचा नाही. पण त्या साली याला नवरात्र लागलं. दाढी वाढवली. नऊ दिवस वस्तरा लावायचा नाही म्हणे. उपवास धरले, आमच्याकडचं जेवण बंद. त्याआधीही दोन महिने डबा घेऊन आपल्या घरात जाऊन खायचा. "एकट्यानं खाल्लं की पचतं," म्हणायचा. गाडीचं काही सांगायला गेलं की, "पेट्रोलातच खोट हाय," एवढं बोलून आत जायचा. म्हातारपणी माणूस देवाला लागतो हे ऐकलं होतं. पण हा एकदम एवढ्या वेगानं लागेल असं वाटलं नव्हतं.

"बरी आठवली तुला देवी," मी म्हणालो. "शालनच्या वेळीच बरी आठवली! वहिनी गेली त्या साली तिला दवाखान्यात न्यायला लक्ष्मीपूजनाला सुद्धा तू गाडीखाली होतास. तेव्हा कुठं होता तुझा देव? का तेव्हा बायको तुझी होती म्हणून चाललं?"

अण्णाची पाठ माझ्याकडं होती. ती तशीच राहिली.

समोरच्या खिडकीच्या गजावर चमचा वाजला. टक, टक, टक. शालनचा आवाज उपचारांनी बसला होता, म्हणून ती चमच्यानं बोलायची. एकदा वाजला तर पाणी, दोनदा वाजला तर इकडं या, तीनदा वाजला तर भांडू नका.

मी स्कूटर काढली आणि बाजारात गेलो. तीन गॅरेज पाहिली. तिन्हीकडं पाने पूजेत, मेकॅनिक नव्या शर्टात. शेवटी पार्ट्सच्या दुकानात यासीन मुजावरकडं गेलो.

"तुमच्या मेव्हण्याचं गॅरेज आहे ना, यासीनभाई? त्यांना तरी पाठवा."

"त्येचं बी बंद हाय की साहेब. पोरांनी पाने मांडल्यात पूजेला. नारळ मेव्हण्यानंच आणून दिलाय." मग मी गाडीचं दुखणं सांगितलं. त्यानं मान हलवली. "हवा आत घेणारी झडप काळी झाली असंल. नाहीतर हवा मोजणारा सेन्सर माखला असंल. दोन्ही साफ करा. घरी बी होतंय. मोबाईलवर बघा, पोरं करून दावत्यात." त्यानं दोन फवारे काढून काउंटरवर ठेवले. "ह्यो झडपेला. ह्यो सेन्सरला. उलटं करू नगासा. आन् अण्णा असताना तुम्ही कशाला करताय?"

"अण्णांना साक्षात्कार झालाय," मी म्हणालो.

घरी येऊन मी मोबाईल गाडीच्या काचेला टेकवून ठेवला. त्यातला पोरगा हसत हसत चार मिनिटांत सगळं करून मोकळा होत होता. त्याच्याकडं पाने होते. माझ्याकडं स्वयंपाकघरातली सुरी होती, कारण पूजेत न मांडलेलं असं घरात तेवढंच एक हत्यार उरलं होतं. अण्णा सोप्याच्या पायरीवर पाठ करून बसला. उठून आतही जाईना, तोंडही फिरवीना.

आधी बॅटरीची तार काढायची होती. तिचा नट हातानंच फिरला. अण्णानंच कधीतरी बेताचा आवळला असणार. एअर फिल्टरच्या डब्यापासून इंजिनाकडं जाणाऱ्या जाड रबरी नळीची क्लिप सुरीनं सैल केली. नळी निघाली. आत पितळी रंगाची गोल झडप, वाटीच्या झाकणाएवढी, आणि तिच्या कडेनं सगळीकडं काळं चिकट किटण. दमेकऱ्याच्या घशात बॅटरी मारून बघावं तसं वाटलं. मला एकदम दुसऱ्याच घशाची आठवण आली आणि मी क्षणभर मान वर करून उभा राहिलो.

मग पहिला फवारा उचलला.

"फडक्यावर मार," पाठमोरा अण्णा म्हणाला. "सरळ आत मारू नको."

"तू पूजा बघ तुझी."

पण फडक्यावरच मारला. झडप हलकेच दाबून कडा पुसल्या. फडकं काळं, पुन्हा फडकं काळं, मग करडं, मग नुसतं ओलं. अर्ध्या तासानं पितळ दिसायला लागलं. मोजणी खात्यात तीस वर्षांत एवढं स्वच्छ काम माझ्या हातून झालं नव्हतं.

राहिला सेन्सर. तो त्याच नळीच्या तोंडाशी, दोन बारीक स्क्रूंनी बसवलेला. सुरीचं टोक स्क्रूच्या खाचेत घातलं, पिळलं. सुरी घसरली. पुन्हा पिळलं. स्क्रूची खाच घासून चकचकीत झाली. तिसऱ्या वेळी सुरी सटकून माझ्या अंगठ्यात गेली आणि मी जे बोललो ते देवीच्या नवव्या दिवशी बोलण्यासारखं नव्हतं.

"खाच मेली का?" अण्णानं विचारलं.

"मरू दे! सगळंच मरू दे! तुझी पूजा तेवढी जगू दे."

खिडकीत शालन येऊन उभी होती. या वेळी तिनं चमचा वाजवला नाही. गज धरून, गळ्याला हात लावून ती कष्टानं कुजबुजली. अंगण लहान होतं म्हणून ऐकू आलं.

"भावजी, देवी माझ्यावर आणखी काय रागावणार आहे? उचला तो, आणि ह्यांना द्या."

एवढं बोलून ती पुन्हा आत जाऊन पडली.

अण्णा उठला. पाटासमोर गेला, वाकून काहीतरी पुटपुटला. मग लाल मुठीचा बारीक स्क्रूड्रायव्हर त्यानं उचलला, त्याच्यावरच्या अक्षता झटकल्या आणि गाडीपाशी आला. मी हात पुढं केला. त्यानं तो दिला नाही.

"सरक," म्हणाला. "तुझ्यानं व्हायचं न्हाई. खाच घासलीय. तिच्यात टोक रुतवून धरावं लागतं."

मी सरकलो. मनात म्हटलं, बायकोनं एका वाक्यात केलं ते मला सकाळपासून भांडून जमलं नाही.

तो वाकला. आणि मला पुन्हा टकटक ऐकू आली. टक, टक, टक, टक. भांडू नका. मी खिडकीकडं पाहिलं. आता कुठं भांडत होतो आम्ही? खिडकीत कोणी नव्हतं.

टकटक थांबेना. मी खाली पाहिलं. अण्णाच्या हातातला स्क्रूड्रायव्हर स्क्रूच्या डोक्यावर वाजत होता. खाचेच्या अलीकडं, पलीकडं, कडेला, पुन्हा अलीकडं. त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट आवळून धरलं. तरी टोक खाचेवर टिकेना. ज्या माणसानं अंधारात, पावसात, चालत्या इंजिनाखाली बोटांनी चाचपून नट बसवले, त्याला दोन फुटांवरची खाच सापडेना. त्याच्या नाकावरून घाम स्क्रूवर पडला.

शेवटी त्यानं स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला आणि हात खिशात घातला. खिसा हलत राहिला.

"कधीपासनं?" मी विचारलं.

"जूनपासनं."

"दाखवलंस कुणाला?"

"दाखवलं की. रोगाचं नाव मोठं हाय, गोळ्या बारक्या हायेत."

"मग दाढी..."

"दोनदा गाल कापला. तेवढ्यात नवरात्र आलं. देवीनं अब्रू राखली." तो खिडकीकडं बघून आवाज खाली करून म्हणाला. "डाळभात तोंडापतूर जाईना लेका. निम्मा अंगावर. शालनसमोर कसा जेवू? तिला गिळताना त्रास होतोय, आन् मी धडधाकट सांडतोय."

"मला तरी सांगायचंस."

"तुला सांगून काय? तू काय नकाशावर हात सरळ करून देणार हायेस?" मग म्हणाला, "तिला कळू देऊ नको जन्या. ती पहाटे गाडीत बसताना दर वेळी विचारती, भावजींनी बघितलीय ना. तू व्हय म्हणतोस, मग बसती. माझ्या हातावर बसती ती. उद्या आन् पुढं बारा दिवस बसली पायजे."

"पण तू दोन महिने गाडीला हातच लावलेला नाहीस."

"तेच तर," अण्णा म्हणाला.

सकाळी वहिनीवरून मी जे बोललो होतो ते परत घ्यायची ती वेळ होती. मला कळत होतं. पण आमच्या घरात भावाभावांत माफी मागायची रीत नाही, आणि तोंडातून आलं ते भलतंच.

"सांग मग काय करायचं," मी म्हणालो.

अण्णानं एकदा खिडकीकडं पाहिलं, घसा खाकरला, आणि त्याचा कार्यशाळेतला आवाज काढला. तो मी पंधरा वर्षांत ऐकला नव्हता.

"अरे धर की नीट, गाढवा! काय पेन धरलंय काय? तळव्यात मूठ घे! दाब! आधी दाबायचं, मग पिळायचं. दाब म्हणतोय न्हवं!"

मी दाबला. स्क्रू कुरकुरला आणि फिरला.

"आरामात. आता दुसरा. त्येला पण तसाच. शाब्बास... शाब्बास न्हाई, बैलोबा, वायर वढू नको! क्लिप दाबून काढ!"

सेन्सर हातात आला. काळ्या प्लास्टिकच्या बोटाएवढ्या तुकड्यात, खिडकीसारख्या भोकात, केसाहून बारीक तार. तिच्यावर धुळीची साय. मी खिशातून कानात घालायची कापसाची काडी काढली. घरी बायकोच्या औषधांत होती, म्हटलं हलकेच पुसू.

"हात लावशील तर हात मोडीन!" अण्णा असा ओरडला की शेजारच्या कुत्र्यानं उत्तर दिलं. मग हळू आवाजात, फक्त मला, "तार तुटली की संपलं. उद्याचं जाणं संपलं. काडी टाक. दुसरा फवारा घे. लांबून मार. शिवायचं न्हाई, पुसायचं न्हाई, फुंकायचं न्हाई."

मी लांबून मारला. दहा वेळा, मोजून. सेन्सर झाकणात ठेवून आम्ही दोघं अंगणात बसलो, तो सुकेपर्यंत. अर्धा तास. शेजारून सरोळकरांच्या घरातला पुरणाचा वास येत होता. अण्णाचा हात गुडघ्यावर होता. आता त्यानं तो लपवला नाही. मी त्याच्याकडं बघायचं टाळत होतो आणि सारखा बघत होतो.

"झोपेत थांबतोय," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणला. मी बघितलेलं न्हाई."

मग त्याच्या शिव्यांच्या तालावर सगळं परत बसवलं. सेन्सर, स्क्रू, नळी, क्लिप, बॅटरीची तार. प्रत्येक वस्तूला एक शिवी लागली. क्लिपला दोन.

किल्ली फिरवली. इंजिन भडकलं. काटा दोन हजारावर गेला, धाडकन खाली आला, पुन्हा वर, पुन्हा खाली. कालच्याहून वाईट. माझा पाय आपोआप पेडलकडं गेला.

"पाय लावू नको!"

"बंद पडेल अण्णा!"

"पडू दे. बॅटरीची तार काढली होती, सगळं विसरलंय ते. आता नव्यानं शिकतंय. त्येला त्येचं शिकू दे."

काटा वर-खाली होत होता. इंजिन थरथरत होतं, सगळी गाडी थरथरत होती. अण्णा खिडकीतून आत वाकून काट्याकडं बघत होता, आणि त्याचा हात दारावर थरथरत होता. एकदा इंजिन इतकं खाली गेलं की मी डोळे मिटले. पाच मिनिटं. सात. मग थरथर कमी कमी होत गेली. काटा आठशेच्या रेघेवर येऊन थांबला, आणि तिथंच राहिला. आवाज इतका बारीक की पलीकडच्या घरातला रेडिओ ऐकू यायला लागला.

आत चमचा दोनदा वाजला. आम्ही दोघं खिडकीपाशी गेलो.

"झाली, भावजी?" शालन पलंगावरून कुजबुजली.

"झाली," अण्णा म्हणाला. "तुझ्या नवऱ्याचा उपेग काय झाला न्हाई. नुसता पुढं पुढं."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. गाडीत बसताना शालननं नेहमीप्रमाणे विचारलं, "भावजींनी बघितलीय ना?" मी नेहमीप्रमाणे होय म्हणालो. अण्णा अंगणात दोन्ही हात खिशात घालून उभा होता. वाटेत दसऱ्याच्या धुतलेल्या, हार घातलेल्या गाड्या. कागलच्या चौकात थांबावं लागलं. मी पाय उचलला. काटा आठशेवर. पुढचा ट्रक हलेपर्यंत मी श्वास घेतला नाही. इंजिन मात्र घेत होतं.

चौक मागं पडल्यावर शालननं गळ्यावरचा रुमाल बाजूला केला.

"छान चाललीय," ती म्हणाली. "तुम्ही केलीत ना?"

"अण्णानं केली. ऐकलं नाहीस काल?"

"ऐकलं." ती थोडी थांबली. बोलताना तिला थांबावं लागायचं. "श्रावणापासून त्यांचे हात चळाचळा कापतायत. नवरात्र बसेपर्यंत रोज डबा मीच भरत होते. परत यायचा तो मीच घासायची. मला कळणार नाही का?"

कालचं तिचं वाक्य आठवलं. उचला तो, आणि ह्यांना द्या.

"माहीत होतं तर मग बसलीस कशी गाडीत? काम मी केलंय. मी!"

"हो ना," शालन म्हणाली. "पण तुम्हाला शिव्या किती घातल्या त्यांनी. दोन तास. एक सुद्धा चूक सोडली नसणार." मग डोळे मिटून म्हणाली, "त्यांना काही बोलू नका हं. मला माहीत नाही."

आठ पन्नासला तिचा नंबर लागला. लाइटचा तेरावा दिवस पार पडला.

आदल्या दिवशी वहिनीवरून जे बोललो ते मी अण्णाशी कधीच परत घेतलं नाही. पुढं तो चार वर्षं होता. त्यानंही ते कधी काढलं नाही.

त्या दसऱ्याला दुपारी दोनला परत आलो. नवरात्र उठलं होतं, म्हणजे अण्णाचा उपवास सुटला होता. आता घरी एकट्यानं जेवायला कारण उरलं नव्हतं. तो दारात आला, आम्हाला आपट्याचं सोनं दिलं. पानं त्याच्या हातात सळसळत होती. "मी नंतर जेवतो," म्हणून वळला.

"भावजी, बसा," शालन म्हणाली.

नवरात्र बसल्यापासून पहिल्यांदा ती स्वयंपाकघरात उभी होती. सरोळकरांकडून पुरणपोळ्या आल्या होत्या, चांगल्या ताटाएवढ्या, तुपानं चमकणाऱ्या. तिनं त्या एकेक करून दुधात कुस्करल्या. लापशीसारखं होईपर्यंत कुस्करल्या. मग तीन खोल वाडगे घेतले, तिन्ही अर्धेच भरले, आणि चमचा कशातच घातला नाही.

"डॉक्टरांनी मला मऊ खायला सांगितलंय," ती म्हणाली. "एकटीनं असलं खायला मला लाज वाटते. म्हणून आज सगळ्यांना हेच. दोन्ही हातांनी उचलायचं आणि प्यायचं."

अण्णानं वाडग्याकडं पाहिलं. मग तिच्याकडं पाहिलं. ती आपला वाडगा दोन्ही हातांत धरून वाट बघत होती.

त्यानं खिशातून हात काढले. वाडगा हलला, दूध कडेपर्यंत आलं, पण अर्धाच होता म्हणून सांडलं नाही. तो प्यायला. ती प्यायली.

दसऱ्याची पुरणपोळी मी जन्मभर तव्यावरून थेट ताटात, तुपाची धार सोडून खाल्लेली. दुधातला काला मला लहानपणापासून आवडत नाही. दोघंही माझ्याकडं बघत होते. मी वाडगा उचलला, तोंडाला लावला आणि आणखी मागून घेतला.